फराळाच्या डब्यातल्या घड्या

आम्ही दिव्याला राहत होतो तेव्हा हिचा पाय मोडला. गुडघ्याखालची दोन्ही हाडं गेली. ठाण्याला ऑपरेशन झालं. पायाबाहेर सळ्यांची चौकट, तिच्यातून हाडात गेलेल्या पिना. घरी सोडताना सिस्टरनं मला बजावलं, "काका, पिनांभोवती रोज पुसायचं. दर वेळी साबणानं हात धुवायचे आणि निर्जंतुक गॉजपट्टीचं नवं पाकीट फोडायचं."

मी कोलशेतच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलेला माणूस. रोज ऐनवेळी पाकीट फोडत बसणं मला गबाळेपणाचं वाटलं. त्यात पाणी दिवसाआड. म्हणून रविवारी एकदाच हात धुऊन मी आठवड्याचं गॉज कापलं, सारख्या घड्या घातल्या आणि दिवाळीच्या फराळाच्या स्टीलच्या डब्यात रचल्या. ही कौतुकानं म्हणाली, "माझ्या चकल्या कधी इतक्या निगुतीनं ठेवल्या नाहीत तुम्ही."

तिसऱ्या आठवड्यात वरच्या एका पिनेतून पू आला. ठाण्याला दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, खाजवलंत का?" तिनं भाबडेपणानं सांगून टाकलं, एकदाच, विणायच्या सुईनं, आणि तेही खाली घोट्यापाशी. झालं, खापर सुईवर फुटलं. त्याच वेळी पलीकडच्या खाटेपाशी सिस्टर पाकीट फोडून आतली घडी चिमट्यानं उचलत होती. बोट लावत नव्हती. मला माझा डबा आठवला, पण डॉक्टरांना मी तो सांगितला नाही.

पुन्हा भरती, इंजेक्शनं, अंथरुणात आणखी पडून राहणं, सगळं तिनं सोसलं. वर घरच्यांची थट्टा, "आईच्या हाती सुई देऊ नका." त्यात मीही हसायचो.

गेल्या महिन्यात डोंबिवलीला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरवायला गेलो. मुलगा डॉक्टरांना म्हणाला, "आई ऐकत नाही, खाजवते. नंतर महिनाभर पुनर्वसन केंद्रातच ठेवू, घरी नको." घर सोडायचं तिच्या जिवावर येतं. तरी ती मान खाली घालून बसली.

"सुई नव्हे, डबा होता," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "कशानं झालं ते आता नक्की सांगता येणार नाही. डबा मात्र चुकलाच. आजींना घरी न्यायला हरकत नाही." मुलानं आईचा हात हातात घेतला.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "त्याच डब्यात मी इतकी वर्षं शंकरपाळे भरतेय."

"घासून ठेवला होता मी."

"माहितेय. पू आला त्या दिवशी तीनदा घासलात. तेव्हाच विचारायला हवं होतं मी." थोड्या वेळानं म्हणाली, "या खेपेला ड्रेसिंगला बाई येईल. तुम्ही हात धुऊन नुसते शेजारी बसा."