पेणकरपाड्यात सुनंदानं परत विचारलं

माझी लेक सुनंदा गेली, हे तिच्या हापिसातल्या शिपायानं फोनवर सांगितलं. "मावशी, ताई टेबलावरच..." मी म्हटलं, बोल बाबा, ऐकतेय. तिचा बाप मिठागरात पडून गेला तवाबी मी उभीच व्हते. पन ह्या येळेला रडू न्हाय, राग आला... तो अजून हाय. मला लिहिता-वाचता येत न्हाय, नात लिहून घेतेय.

सुनंदा पयले एका मोठ्या सरांकडं संशोधनाच्या कामाला व्हती. पान्यात जंतू मारायची पावडर टाकली की पोरांचे जुलाब थांबतात, असं सरांनी पेणकरपाड्यात घरोघर विचारून छापलेलं. सुनंदा म्हनाली, छापलंय ते खरं का, परत विचारून बघायचं. "आई, तू चल. तुला वाचता येत नाही तेच बरं. सरांच्या फॉर्मवर आधी काय लिहिलंय ते तुला कळणार नाही. मग तू कुणाच्या तोंडात उत्तर घालणार नाहीस."

"म्हंजे अडानीपनाचा पगार व्हय?"

"पगार नाही, रिक्षाचं भाडं देईन."

उन्हातान्हात फिरलो. मी विचारायचं आन गप बसायचं. पावडर वापरली म्हटलं की डब्यात वालाचा दाना, न्हाय म्हटलं की चिंचोका. सांजच्याला ती डब्यातलं मोजून सरांच्या फॉर्मशी मेळ घालायची. चिंचोकेच जास्त! कितीतरी घरी फॉर्म भरायला कुनी आलंच न्हवतं. शेजारच्या काकी तर म्हनाल्या, "पावडर? तोंडाला लावायची?" आमच्या घरचाबी फॉर्म निघाला... पावडर वापरतात, नातू ठनठनीत. फॉर्मवरच्या तारखेला माझा नातू जुलाबानं सलाईनवर व्हता.

सुनंदानं कागद सरांपुढं ठेवले. सर म्हनाले, "एका अडाणी म्हातारीच्या चिंचोक्यांवर माझं काम खोटं ठरवतेस?" दुसऱ्या दिवशी तिला काढली. वर सगळीकडं सांगितलं, खोटे फॉर्म तिनंच भरले. मग कुनी तिला संशोधनात घेईना. नवघरला टायपिंग करत ऱ्हायली, मरेपर्यंत.

तेराव्याला सर हार घेऊन आले. "सुनंदा फार प्रामाणिक होती, आजी."

मी हार घेतला न्हाय. म्हटलं, "मग आमच्या घरचा फॉर्म कुनी भरला?" आन सुनंदानं शिकवल्यागत मी गप बसले. सर घाम पुसत ऱ्हायले. "आता त्या जुन्या गोष्टी..." मी परत तेच विचारलं. बसलेल्या बायका सगळ्या सरांकडं वळल्या. शेवटी सर उठले, हार हातात तसाच.

पुढल्या महिन्यात मीरा रोडला त्यांचा सत्कार हाय म्हंत्यात. ज्या ज्या घरी कुनी आलं न्हवतं, त्या सगळ्या बायका घेऊन मी जानार. पुढच्या खुर्च्यांवर बसू. एकेकीनं उठून विचारायचं, माझ्या घरी कोन आलेलं? माझ्या लेकीचं नाव त्यांनीच खराब केलं, त्यांनीच माईकवरनं धुवून द्यायचं.

न्हाय दिलं, तर परत विचारू.