भिंतीकडे तोंड करून

त्या दिवशी माझ्या ईमेलवरून मुलीला पत्र गेलं. ते मी लिहिलेलं नव्हतं.

माणिकपूरच्या सायबर कॅफेचा मालक म्हणाला, "सर, तुमी पासवर्ड पुटपुटत टाईप करता. अख्ख्या कॅफेला पाठ झालाय."

पासवर्ड म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचं नाव होतं. ते बदलायला मन घेईना. पण परदेशी गेलेल्या मुलीची सगळी पत्रं त्याच खात्यात होती.

इंटरनेटवर सुरक्षिततेचे इंग्रजी धडे फुकट मिळत. कॅफेचा मालक रोज दुपारी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यातला एकेक धडा शिकत असे. पहिला धडा त्याने माझ्यासमोर उघडला आणि आपल्या बोलीत समजावला. "पासवर्ड कोनाला सांगायचा नाय. मला पन नाय."

मी अडून बसलो, तसा हळूच म्हणाला, "काकींचं नाव कुलपाला कशाला, सर? पोरीला पत्रात लिवा." मग खुर्ची फिरवून तो भिंतीकडे तोंड करून बसला. नवा पासवर्ड टाकायला मला फार वेळ लागला. गिऱ्हाईक आलं तरी तो वळला नाही. "थांब जरा, सरांचं चाललंय," एवढंच म्हणाला.

तो मागच्या वर्षी वारला. मुलीची पत्रं माझ्याकडे आहेत.