आईच्या शालूचा चांदवा

माझं गणित आईवर गेलंय, असं आमच्या घरात सगळे मानत. मीही मानत होतो.

चौऱ्याऐंशी सालचा गणपती हा आईच्या वर्षश्राद्धानंतरचा पहिलाच. जाण्यापूर्वी ती सांगून गेली होती, "माझा लग्नातला शालू पेटीत कुजवू नका. गणपतीला चांदवा करा." चांदवा म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर बांबूच्या गोल कड्यात ताणून बसवायचं कापड. पण शालू घड्यांवर पार विरला होता. मोठा असा एकच चौकोन धड निघाला. म्हणजे कात्री एकदाच चालणार होती!

ताई मशीनला तेल घालता घालता म्हणाली, "गोल मी कापत्ये."

"तू फक्त शिव. मिरजोळ्याच्या कारखान्यात मी दिवसभर गोलच काढतो!" (काढत होतो ते नटबोल्टांचे, कागदावर, आणि खोडरबर हाताशी ठेवून!)

दोऱ्याने कड्याचा व्यास घेतला, निम्मा केला, शिवणीला चार बोटं वाढवली. कापडाची चौपदरी घडी घातली, कोपऱ्यावर दोऱ्याचं एक टोक दाबलं आणि दुसऱ्या टोकाला खडू धरून फिरवला. आता, कापडाचा मध्य असतो घडीच्या बंद कोपऱ्यात. मी दाबला होता सुटा कोपरा! चारही पदरांतून कात्री करकरत गेली. घडी उलगडली, तर गोल कुठेच नाही. चार पाव-गोल सुटे पडले आणि मध्ये उरली चार टोकांची एक चांदणी.

"मेल्या, आईचा शालू कापलास रे!" ताई रडायलाच लागली. मलाही रडू आवरेना. आईने शेवटचं मागितलेलं तेवढंच होतं.

अण्णा ओटीवरून आत आले. वडिलांचा हात जड होता, म्हणून मी आधीच मान खाली घातली. त्यांनी चांदणी उचलली, उलटसुलट केली आणि ताईकडे वळले.

"जुना चांदवा आण गो."

ताईने आणला. त्यावर जरीच्या फितीची मोठी फुली होती. जन्मभर आम्ही तिला नक्षी समजत आलो होतो. अण्णांनी फीत उसवली. खाली चार तुकड्यांचा जोड!

"तुमच्या आईनेही सुटाच कोपरा धरलान. वर ही फुली शिवलीन आणि मला दम दिलान, पोरांस सांगाल तर बघा!"

"आणि उरलेली चांदणी?" मी विचारलं.

"तुझं टोपडं."

हसता हसता अण्णांचे डोळे भरले. ताई नाक पुसत मशीनवर बसली आणि शालूच्या चार तुकड्यांवर आईचीच फीत चढली.

आरतीला आलेल्या शेजारणी वर बघून म्हणाल्या, "काय सुरेख नक्षी हो!" मी जोरजोरात टाळ वाजवला. माझं गणित आईवर गेलंय, याचा पुरावा आता साक्षात गणपतीच्या डोक्यावर टांगलेला होता!