थूल सरांची भिंत

वर्ध्याला प्रशिक्षण चालू होतं. आम्हा शिक्षकांना गटागटात बसवून रंगीत कागद कापायला दिले होते, आणि 'मूल अनुभवातून शिकतं' असं कुणीतरी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं. बाहेर सकाळपासून पाऊस धरून बसला होता. फोन आला तो शालूताईंचा. त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवतात आणि सहसा फोन करत नाहीत, म्हणून मी कात्री तशीच ठेवून व्हरांड्यात आले. "मॅडम, भित पडली," त्या म्हणाल्या. मग मागे पोरांचा कालवा, कुणीतरी फावडं मागतंय, आणि पुन्हा त्याच, अगदी हळू... "सर अंदर आहे." कुठली भिंत, हे मी विचारलं नाही. मी शाळेत शिकत होते तेव्हापासून गाव त्या भिंतीवरून हसत होतं आणि आम्ही मुलं तिला भीत होतो.

आमचं गाव वडनेरच्या पुढे आहे आणि शाळा दोन खोल्यांची. थूल सर मला पाचवी ते सातवी शिकवायला होते. सगळे विषय तेच शिकवायचे, कारण दुसरं कुणी नव्हतंच. एका पायानं किंचित लंगडत चालणारे, तोंडाचे फटकळ, चहाचे भारी शौकीन, आणि प्रार्थनेत इतके बेसूर की आम्ही पहिल्या ओळीतली मुलं ओठ चावून उभी राहायचो. मोठ्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत तिरपी भेग होती. इतर कुणी मास्तर असता तर त्यानं मुलांची पाठ तिकडे केली असती. सरांनी फळाच उचलून तिच्या बाजूला टांगला आणि आम्हाला तिच्याकडे तोंड करून बसवलं. एका पालकानं विचारलं, "सर, पोट्ट्यायले तिकडंच काऊन बसवता?" तर सर म्हणाले, "पाठीमागून येनाऱ्यापेक्षा समोरून येनारं बरं. पयता तरी येते."

आज मागे वळून पाहते तर जे काही शिकले ते त्या भेगेच्या अवतीभवतीच शिकले असं वाटतं. भूगोलात काळ्या मातीचा धडा आला तेव्हा सरांनी पुस्तक मिटलं आणि आम्हाला शाळेमागच्या शेतात नेलं. उन्हाळ्यात जमीन फाटते, पावसात फुगते, आणि तिच्यावर ठेवलेली प्रत्येक गोष्ट ती हळूहळू हलवत असते... हे सांगून त्यांनी बोट फक्त शाळेकडे केलं. अपूर्णांक आम्ही भेगेच्या रुंदीवर शिकलो. मार्चमध्ये तिच्यात पट्टीची कड जायची, मेमध्ये माझं बोट. विज्ञानाच्या तासाला त्यांनी काचेची पातळ पट्टी भेगेच्या दोन्ही कडांना आडवी चिकटवली आणि म्हणाले, भिंत हलली तर काच आधी सांगेल. पोळ्याची सुट्टी संपवून आलो तेव्हा काच मधोमध तडकलेली होती. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही डबा नीट खाल्ला नाही. इतिहासात त्यांनी म्हाताऱ्यांना शाळेत बोलावून विचारायला लावलं की शाळा इथंच का बांधली. एका आजोबांनी खरं ते सांगून टाकलं, "हे जागा फुकट भेटली बाप्पा. पानी साचे, पीक येत नोतं, म्हनून देल्ली." इंग्रजीचा भविष्यकाळ आम्ही 'दी वॉल विल फॉल' या वाक्यावर घोकला. एकदा साहेब तपासणीला आले असताना अख्ख्या वर्गानं ते एका सुरात म्हणून दाखवलं. साहेबांनी आधी कौतुकानं मान डोलावली, मग अर्थ लक्षात आला तसे ते खुर्ची मागे सरकवून दारापाशी जाऊन बसले. सर तेव्हा पोट धरून हसले होते. आम्हीही हसलो, पण संध्याकाळी घरी जाताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

माणूस थट्टेखोर असला की त्याची काळजीही लोकांना थट्टाच वाटते. सातवीच्या वर्षी सरांनी जाहीर केलं की या पावसाळ्यात ही भिंत राहत नाही, आणि वर्ग उचलून बौद्ध वस्तीतल्या विहाराच्या टिनाच्या शेडमध्ये नेला. काही घरांनी नाकं मुरडली. "शाया तिकडं नेली का आता?" असं विचारताना त्या 'तिकडं'वर जो जोर असायचा तो आम्हा मुलांनाही कळत होता. सर कळून न कळल्यासारखं करायचे. पावसाळाभर आम्ही टिनावरच्या आवाजात ओरडून ओरडून शिकलो. भिंत काही पडली नाही. उलट माती फुगली तशी भेग मिटत गेली, आणि दिवाळीआधी सरपंचांनी सगळ्यांसमोर भिंतीवर थाप मारून म्हटलं, "सर, हे तर तुमच्याहून टनक आहे." तेव्हापासून त्यांचं नाव 'भेगवाले सर' पडलं. ते हसण्यावारी नेत, पण वर्ग त्यांनी पुन्हा कधी बाहेर काढला नाही. पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा एकदा चहा पिता पिता म्हणाले, "एकदा खोटा ठरलो ना बाई, का मंग खरं बोलाचीबी लाज वाटते."

यंदाच्या उन्हाळ्यात भेगेतून पलीकडची बाभूळ दिसायला लागली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी वरून माणसं आली, त्यांनी भेग सिमेंटनं बुजवली, भिंत आभाळी रंगवली आणि तिच्यावर सूर्यमाला काढली. शनीची कडी नेमकी भेगेवर आली होती. काम झकास झालं म्हणून सगळे खूश होते. पोरं तर ग्रहांवर हात फिरवून पाहत होती. सर मात्र दारात उभे राहून पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची मिश्किली कुठच्या कुठे गेली होती. "आता काही दिसत नाई," एवढंच ते म्हणाले. आजारी माणसाचा ताप पाहायला जावं आणि कुणी हातच लावू देऊ नये, तसं त्यांचं झालं होतं. जुलैत झड लागली. रंग ताजाच होता, भिंतीवर ओरखडाही नव्हता, आणि मला का कोण जाणे, भेग दिसत होती तेव्हापेक्षा आता त्या खोलीत जास्त भीती वाटायची.

प्रशिक्षणाला निघायच्या आदल्या संध्याकाळी आमची शेवटची भेट झाली. पोरं घरी गेली होती. सर भिंतीला कान लावून उभे होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "आवाज येऊन राह्यला. तुले येते का आयकू?" मी कान लावला. पावसाशिवाय मला काही ऐकू आलं नाही, तसं मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा कान टेकवला. मग म्हणाले, "मलेबी पक्कं सांगता येत नाई. पन उद्या पोट्टे व्हरांड्यात बसवतो. हसतीन लोक त हसू दे." मी छत्री उघडून निघाले तेव्हा त्यांनी मागून ओरडून सांगितलं, "येताना हिंगनघाटवरून चांगला चहा आनजो. इथला निस्ता भुसा आहे." ते बोलणं आता कानातून जात नाही. मी चहा घेतला होता, दुसऱ्याच दिवशी सकाळी, जाता जाता... तो पुडा अजून माझ्या पिशवीत आहे आणि तो बाहेर काढायची माझी हिंमत होत नाही.

पुढचं मला मुलांनी सांगितलं. सकाळी सर लवकर आले. मुलांना व्हरांड्यात उभं करून त्यांनी एकट्यानं, तो पाय ओढत, बाक बाहेर आणायला सुरुवात केली. मोठी मुलं मदतीला धावली तर सर खवळले. उंबरठ्याच्या आत कुणी पाऊल टाकलं तर तंगडी मोडीन म्हणाले. इतके चिडलेले सर मुलांनी कधी पाहिले नव्हते. मग मुलांचे चेहरे उतरलेले पाहून ते प्रत्येक बाकासोबत एकेका ग्रहाचं नाव विचारू लागले. बाक बाहेर येत होता, मुलं ओरडून उत्तर देत होती. एकच बाक राहिला होता. तो भिंतीलगतचा. तो आणायला सर आत गेले आणि भिंत आतल्या अंगानं बसली. मुलं सांगतात, मोठा आवाज झालाच नाही. पोतं टाकल्यासारखा आवाज आला आणि खोलीत एकदम उजेड झाला.

'मुलं आत नव्हती, हे नशीब,' असं जो तो म्हणतो. मला त्याचा संताप येतो. नशिबानं बाक बाहेर आणून ठेवले नव्हते. जी नवी खोली आम्ही सगळे मागून दमलो, ती सर गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीआधीच मंजूर झाली. साहेब लोक येऊन गेले, फोटो झाले, ढिगारा उचलला गेला आणि पावसानं जरा उसंत देताच त्याच जागेवर पायाचे खड्डे खणले गेले. नवी जागा बघायला कुणाला वेळ नव्हता.

मधल्या सुट्टीत मी खड्ड्यापाशी गेले, तर लोखंड बांधून तयार होतं आणि गिट्टी-सिमेंटचा माल कालवायचं यंत्र घरघरत होतं. काळ्या मातीखाली पिवळा मुरूम लागेपर्यंत खणलं नाही तर वरचं बांधकाम टिकत नाही, हे आमच्याकडे विहीर खणणारा कुणीही सांगेल. मी मुकादमाला विचारलं, मुरूम लागला का? "मॅडम, कागदावर एवढंच खोल आहे," तो म्हणाला, "होते तेवढ्यात. तुमी शिकवा ना पोट्ट्यायले." माझ्यामागे सहावीची प्राची येऊन उभी होती. ती खाली वाकून म्हणाली, "मॅडम, कायीच माती आहे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. मी तिला आणि बाकीच्यांना मागे व्हायला सांगितलं, चपला काढल्या, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरले. पाय घोट्यापर्यंत रुतले. "बाई, बाहेर या, माल घट्ट होऊन राह्यला," मुकादम वरून ओरडत होता. मी म्हटलं, खणा. तो आधी हसला, मग रागावला, मग त्यानं कुणाकुणाला फोन लावले. सरपंच आले. ते काठावर उभे राहिले, खाली माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनी यंत्र बंद करायला लावलं.

त्या दिवसापासून दोन माणसं कुदळीनं खणतायत आणि मुकादम रोज विचारतो, आता बस का? दुसऱ्या खोलीच्या व्हरांड्यात आम्ही वर्ग घेतो, तिथून खड्डा दिसतो. गणित असो की मराठी, मुलांचं अर्धं लक्ष तिकडेच असतं आणि मी त्यांना रागावत नाही. पाऊस पुन्हा येईल असं आभाळ आहे. प्राची दर तासानंतर उठून दुरूनच टोपल्यात काय निघालं ते पाहून येते. मी हे लिहीपर्यंत तरी काळीच माती निघते आहे.