आईची मूठ किती ग्रॅमची

मी शाळेत विज्ञान शिकवते. 'अंदाजानं घाल' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि माझ्या आईचा सगळा स्वयंपाक अंदाजावरच चालतो.

आमच्याकडे लग्नघरात आधी येसर होतो. गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ भाजायचे, धणे, जिरे, मसाले घालून दळून आणायचे आणि त्या पिठाची झणझणीत आमटी पाहुण्यांना वाढायची. माझ्या माहेरी, औशात, भावकीतल्या प्रत्येक लग्नाचा येसर आईच्या हातचा. धान्य ती पितळी मापट्यानं मोजते आणि मसाला मुठीनं.

माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात मी वजनकाटा घेऊन तिच्यासमोर बसले. तिची मूठ न् मूठ काट्यावर ओतायला लावली आणि वहीत लिहून घेतली. मूठभर धणे भरले तीस ग्रॅम. गव्हाच्या मापट्यात धणे भरले तर वजन निम्मंही भरत नाही, हे पाहून मी चकित झाले. आई म्हणाली, "एवढं शिकलीस अन् हे आत्ता कळलं व्हय?"

गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या लग्नात मात्र आमटी सपक झाली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण दुसऱ्यांदा वाटी कुणी पुढे केली नाही. आईनं ते पाहिलं. दोन दिवस ती नीट जेवली नाही.

यंदा धाकटीचं लग्न नांदेडला, माझ्याच घरी होतं. येसर विकत आणू, असं मी सुचवलं. "मग मला कशाला न्यायलीस?" एवढंच ती म्हणाली. मी तिला घेऊन आले.

पहिल्या घाण्याची आमटी करून पाहिली, ती पुन्हा सपकच. आई म्हणाली, "धणेच निस्सत्त्व हायत." मी वैतागले. "धण्यांना नावं ठेवू नकोस. तू मुठी मोजायला विसरतेस. पाचऐवजी चारच घातल्या असशील."

तिचा चेहरा उतरला. आपल्याला विसर पडतो की काय, ही धास्ती तिनं वर्षभर मनात धरली होती, हे मला तेव्हा दिसलं. ती हळूच म्हणाली, "पाचच घातल्या गं. माझं माप चुकत न्हाई."

आता सोक्षमोक्षच लावावा म्हणून मी काटा मांडला. तिनं पहिली मूठ ओतली. एकवीस ग्रॅम. दुसरी, एकवीस. पुढच्या तिन्ही तशाच. काटा बिघडला असेल म्हणून साखरेची किलोची पिशवी ठेवून पाहिली, बरोबर एक किलो. मग मी तिच्या हाताकडे बघितलं. बोटं काटक्या झाली होती, तळव्याचं मांस गेलं होतं, बांगड्या पार कोपरापर्यंत चढत होत्या. माप चुकलं नव्हतं. आईच कमी होत चालली होती, आणि दर सुट्टीला तिला भेटूनही मला ते दिसलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

तिला काट्यावरचे आकडे चष्म्याशिवाय दिसत नाहीत.

"किती भरले?" तिनं विचारलं.

"तीस," मी म्हणाले.

"तीस भरले, तर मग रडायलीस कशाला?"

पाच मुठी ताटात होत्याच. तिनं डब्यात हात घातला आणि आणखी दोन टाकल्या.