पाचव्या प्रश्नातला घातांक

मस्तगडावरचं टायपिंगचं दुकान भुजंगरावांच्या नावावर असलं, तरी ते चालायचं बेबीनंदाच्या बोटांवर. शाळाशाळांचे चाचणीचे पेपर सायक्लोस्टाइलसाठी तीच स्टेन्सिलवर मारायची. बीजगणित आलं की बाकीचे टायपिस्ट नाकं मुरडायचे, कारण घातांक उमटवायला रूळ अर्धी ओळ फिरवायचा, आकडा मारायचा आणि रूळ पुन्हा जागेवर आणायचा. बेबीनंदाला मात्र त्याचा कधी कंटाळा आला नाही. आणि बाई स्वतः दहावीला गणितातच आपटलेली! घरीदारी तिची ओळख तीच.

पण सात वर्षं प्रश्नही तिनंच मारले आणि उत्तरसूच्याही. दोन्ही शेजारी ठेवून बघता बघता तिच्या ध्यानात आलं होतं, की घातांक धन असला तर तीच संख्या तितक्या वेळा मांडून गुणायची, आणि ऋण असला तर तो सगळा गुणाकार छेदात न्यायचा. इतकं सरळ आपल्याला शाळेत कुणी का सांगितलं नाही, याचा तिला रागही यायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या सहामाहीला हसनाबादकडच्या एका शाळेचे तातेराव सर नववीचा पेपर आणि उत्तरसूची देऊन दुपारच्या बसनं परत गेले. पाचवा प्रश्न होता: क्ष = २ असताना १२क्ष² + क्ष³ ची किंमत काढा. बेबीनंदानं सवयीनं मनात मांडलं. बारा चोक अठ्ठेचाळीस, वर आठ, झाले छप्पन्न. सूचीत मात्र अकरा. तिनं पहिल्या घातांकातल्या दोनामागे ऋण धरून पाहिलं. बारा भागिले चार, तीन; तीन आणि आठ अकरा. सरांच्या हातून चिन्ह सुटलं होतं.

तिनं भुजंगरावांना दाखवलं. त्यांचा कारभार मक्षिकास्थाने मक्षिका.

"सर एमेस्सी हायेत आन् तू नापास. हाय तसं मार," ते म्हणाले.

चुकलं तर साठ पोरांचे गुण जाणार आणि तिचं कामही. बेबीनंदानं आकडे पुन्हा एकदा मांडून पाहिले. मग तिनं रूळ अर्धी ओळ फिरवला आणि ऋण मारलं.

दुसऱ्या दिवशी सर गठ्ठा न्यायला आले, तेव्हा तिनं आपण होऊन सांगितलं. भुजंगरावांचा चेहरा उतरला. सरांनी तिकिटाच्या पाठीवर दोनदा गणित केलं आणि चूक आपलीच असल्याचं कबूल केलं. तुला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्याच सूच्या, सर. सात वर्षं मारून राह्यले," ती म्हणाली.

पुढच्या चाचणीला सरांनी नुसतेच प्रश्न आणले. भुजंगरावांनी सूची मागितली, तर सर बेबीनंदाकडं वळले.

"माझी माझ्यापाशी हाय. तुमची तुम्ही काढा. दोन्ही बराबर जुळल्या, तरच पेपर छापायचा."

बेबीनंदाला इतका आनंद झाला की रडूच कोसळलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. भुजंगरावांनी एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला.