छाटलेली जास्वंद
साखर कारखान्याचं गळीत सुरू होऊन बावड्यात मळीचा वास पसरला की ती सकाळ आठवते. आई अंथरुणाला खिळलेली. तिला खिडकीतून चिमण्या दिसाव्यात म्हणून मीच जास्वंद गुडघ्याएवढी छाटली, समोर तांदूळ टाकले. चिमण्या उतरल्या, आई कितीतरी दिवसांनी हसली, आणि तेवढ्यात कौलावरून शिक्रा झेपावला. लपायला झुडूप उरलंच नव्हतं. चिमणी पंजात दाबून तो तिथंच पिसं उपटत बसला. आई एवढंच म्हणाली, “खिडकी लाव की. बघण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाय.” ती गेली तेव्हाही खिडकी बंदच होती. जास्वंद आता छपराला टेकलीय, आत चिमण्या कलकलतात, आणि मी अजून त्या खिडकीच्या कडीला हात लावत नाही.